आधी खाऊन घे

सातारा,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय मनू,

काल रात्री तुझा फोन झाला आणि मी बराच वेळ गच्चीवरच बसून राहिले. अजिंक्यताऱ्यावर लख्ख चांदणं पडलं होतं, शेजारची मुलं खाली दंगा करत होती, आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीचं सांगता सांगता तू सहज बोलून गेलेली तीन वाक्यं काही केल्या डोक्यातून जात नव्हती. डावी नडगी दोन आठवडे दुखतेय. भात-भाकरी महिनाभर बंद आहे, चार किलो उतरले. आणि पाळी दोन महिने आलेली नाही, "बरंच आहे ना आई, पळताना कटकट नाही."

तू ती वेगवेगळी म्हणून सांगितलीस. मला ती एकाच दोरीची तीन टोकं वाटतात. पण तेव्हा गच्चीवर पाहुणे होते, बाबा दूध ढवळत होते, त्यामुळे मोकळेपणी बोलता आलं नाही. आणि फोनवर तू मला मध्येच थांबवतेस. म्हणून आज शाळेतून आल्यावर चहा न करता आधी हे लिहायला बसले आहे. सगळं एकदम वाचून काढ.

पहिली गोष्ट पायाची. अंघोळ झाल्यावर पलंगावर बस आणि नडगीच्या हाडावरून वरून खाली अंगठा दाबत ने. दुखणं लांबट पसरलेलं असेल, पळायला सुरुवात केल्यावर थोड्या वेळाने कमी होत असेल, तर ते बहुधा हाडाला चिकटलेल्या स्नायूंच्या ओढीचं असतं. विश्रांती, बर्फाचा शेक आणि पळणं कमी केलं की ते उतरतं. पण एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी कळ येत असेल, त्या एका पायावर उडी मारवत नसेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा जायला लागलेला असू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये पहिले काही आठवडे तो दिसतही नाही, एमआरआयमध्ये दिसतो. तेव्हा "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढं ऐकून परत बूट घालायचे नाहीत. दोन्हींतलं काहीही असो, हाडांच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत पळणं पूर्ण बंद. रविवारचे सव्वीस किलोमीटरही नाहीत. त्यांना पाळीचंही सांग, वजनाचंही सांग. नुसता पाय दाखवून येऊ नकोस.

आता दुसरं टोक. पाळी थांबली ही सोय झाली असं तुला वाटतं. मी तुझ्या वयाची असते तर मलाही वाटलं असतं. पण मनू, शरीर काय करतंय ते बघ. तू आठवड्याला पंचावन्न किलोमीटर पळतेस. पळण्यात जेवढी शक्ती जाते ती गेल्यावर उरलेल्यात त्याला हृदय चालवायचं असतं, डोकं चालवायचं असतं, अंग गरम ठेवायचं असतं, झिजलेलं भरून काढायचं असतं. तेवढं पुरत नाही असं दिसलं की ते काटकसर सुरू करतं. आजचा दिवस ज्याच्यावाचून निभतो ते आधी बंद. बाळ वाढवण्याची तयारी आज नको, म्हणून पाळी बंद. पाळीबरोबर इस्ट्रोजेन हे बाईचं संप्रेरक उतरतं, आणि हाडं भरीव ठेवण्याचं मोठं काम तेच करत असतं. म्हणजे पायावर भार वाढत चाललाय आणि त्याच वेळी हाड कमकुवत होत चाललंय. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 साली या सगळ्या अवस्थेला 'रेड-एस', म्हणजे खेळाच्या मानाने शरीराला शक्ती कमी पडणं, असं नाव दिलं. ते पुरुष खेळाडूंनाही होतं, पण बाईला निदान पाळीची सूचना तरी मिळते. ती सूचना तुला मिळाली आहे. हाडांची साठवण साधारण तिशीपर्यंत होते, पुढे आपण तिच्यातूनच खात असतो. तू अठ्ठावीसची आहेस. म्हणून हाडांच्या डॉक्टरांबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जायचं. थायरॉइड वगैरे दुसरी कारणंही असतात, ती तपासून घेतली पाहिजेत.

ही काटकसर मी ओळखते. शरीराची नंतर कळली, घरातली आधीपासून ठाऊक होती. टंचाई आली की घरातली बाई आधी स्वतःच्या ताटातलं कमी करते आणि कुणाला कळूही देत नाही. माझी आजी तशी होती, माझी आई तशी होती आणि पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत मीही तशीच होते. आपल्याकडे टंचाई नव्हती, दोन पगार होते. तरी मी शेवटी बसायचे. तव्यावरची पहिली भाकरी बाबांना, दुसरी तुला, मग आजोबांना, आणि शेवटची, पीठ खरवडून केलेली लहानशी, मला. भाजी उरली तर भाजी, नाही तर चटणी. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, हेच मला आज जास्त खटकतं.

तू 2015 च्या जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. मी संध्याकाळी शाहू स्टेडियमवर चालायला जायला लागले. पळायचं असं काही ठरवलेलं नव्हतं. एक दिवस पावसाची सर आली म्हणून आडोशापर्यंत पळाले, आणि पोचल्यावर लक्षात आलं की चौथीच्या वर्गातल्या मुलींबरोबर लंगडी खेळल्यानंतर मी प्रथमच पळत होते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळाले. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, पायात शाळेच्या पीटीचे कॅनव्हासचे बूट. दोन खांब चालायचं, एक खांब पळायचं. सलग एक किलोमीटर न थांबता व्हायला मला सात आठवडे लागले.

तुला मी हे कधी सांगितलं नाही, पण लहानपणी मला पळायला फार आवडायचं. 1984 साली मी चौदा वर्षांची होते. त्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, तेव्हा आमच्या शाळेत सगळ्या मुली हळहळल्या होत्या. त्याच ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली, जोन बेनॉइट 2 तास 24 मिनिटं 52 सेकंदांत जिंकली, हे मात्र मला तीस वर्षांनी कळलं. त्याआधी कित्येक वर्षं बायकांच्या शरीराला लांबचं पळणं झेपत नाही असं सांगितलं जायचं. 1928 च्या ऑलिम्पिकनंतर आठशे मीटरसुद्धा बायकांसाठी बंद केलं होतं, ते 1960 साली परत आलं. 1967 मध्ये बोस्टनला कॅथरीन स्विट्झर नाव नोंदवून पळत होती, तर एक पंच धावत येऊन तिच्या अंगावरचा 261 नंबर ओढायला लागला. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही मुलींना शंभर मीटर आणि लिंबू-चमचा, आणि मुलांना गावाला वेढा घालून पाच किलोमीटर. मी सरांना विचारलं होतं. "मुलींनी एवढं लांब पळायचं नसतं," एवढंच उत्तर मिळालं आणि मी ते मान्यही केलं.

म्हणून तू मॅरेथॉनला नाव घातलंस त्या दिवशी मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही. तू पळणं सोडावंस असं मला जराही वाटत नाही. तू खूप वर्षं पळावंस असं वाटतं. म्हणून एवढं लिहितेय.

आता माझी घाटातली गोष्ट सांगते. ही फक्त बाबांना ठाऊक आहे.

2017 चा श्रावण. सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला मी पहिल्यांदाच नाव दिलं होतं. तुला तो रस्ता ठाऊक आहे. शहरातून समर्थ मंदिरावरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत. पहिली निम्मी शर्यत चढच चढ आणि उरलेली निम्मी उतारच उतार. तयारी म्हणून मी दर रविवारी घाटात जायचे. त्या आठवड्यात शनिवारचा उपास होता. दिवसभर एक केळं आणि कपभर दूध. संध्याकाळी उपास सोडायच्या वेळेला आत्याकडची माणसं आली. सगळ्यांना वाढलं, पुरणपोळ्या झाल्या, आवरता आवरता साडेदहा वाजले आणि मी अर्धी पोळी दुधात कुस्करून खाल्ली. पहाटे चारला उठून कोरा चहा घेतला आणि निघाले. वजनही थोडं उतरेल, असं मनात होतंच. तू एकटीच नाहीस मनू, हा विचार मीही केलेला आहे.

घाटात धुकं एवढं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. वर यवतेश्वरच्या देवळापर्यंत बरी गेले. पुढे एका वळणावर एकदम हात गार पडले, कानात घूं घूं व्हायला लागलं, रस्ता वाकडा दिसायला लागला. कठड्याला धरून मी खालीच बसले. किती वेळ बसले होते ते आठवत नाही. धुक्यातून एक बाई आली, डोक्यावर पाटी, अंगावर प्लास्टिकचं खोळ, वरच्या कुठल्याशा वाडीवरून बाजाराला निघालेली. तिने पाटी खाली ठेवली, माझं तोंड पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लंय का?" मी नाही म्हणून मान हलवली. तिने फडक्यातून नाचणीची भाकरी काढली, वर लसणाची चटणी, आणि अर्धी मोडून माझ्या हातात दिली. मी घेईना, तिची दुपारची होती ती. तर म्हणाली, "आधी खाऊन घे बाई, मग चाल." मी जेवढं खाल्लं तेवढा वेळ ती समोर उभी होती. मग पाटी उचलून गेली. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही, याची मला आजही चुटपुट लागते. त्यानंतर घाटात पाटी घेतलेली बाई दिसली की मी थांबून तोंड बघते.

त्या आठवड्यात मी आपल्या डॉक्टरबाईंकडे गेले. हिमोग्लोबिन निघालं 9.6. बाईसाठी ते निदान 12 हवं. साठवणीचं लोह, म्हणजे फेरिटिन, तर तळाला गेलेलं. दोन वर्षं मला वाटत होतं की वय झालं म्हणून चढावर दम लागतो. त्यांनी तीन महिने गोळ्या दिल्या, आणि गोळीच्या व जेवणाच्या आगेमागे तासभर चहा बंद केला, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळायचं, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. अळीव, राजगिरा, पालेभाजी, मटकी हे सगळं वाढवलं. डिसेंबरात त्याच घाटात मी श्वास मोजत गेले आणि वर जाऊन रडले. चढ तोच होता. तुझंही फेरिटिन या वेळी तपासून घे, नुसतं हिमोग्लोबिन नको.

आणि त्या रविवारपासून मी घरात एक नियम केला. लांब पळून आले की पहिली भाकरी माझी. तव्यावरून उतरलेली, फुगलेली, तूप लावलेली, मी ओट्याशी उभी राहून आधी खाते आणि मग बाकीच्यांना वाढते. पहिल्या दिवशी आजोबा बघत राहिले. मला घास गिळवत नव्हता, एवढी लाज वाटली. चौथ्या-पाचव्या रविवारी आजोबांनीच स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "सूनबाई, तुमचं खाऊन झालं का?" त्यांच्या तोंडून हे मी लग्नानंतर बावीस वर्षांनी ऐकलं.

आता भात-भाकरीचं. तुला कुणी सांगितलं की पिष्टमय पदार्थ सोडले की हलकं होऊन जोरात पळता येतं? जगातल्या सर्वांत वेगवान लांब पळणाऱ्यांत केनियाचे लोक कितीतरी आहेत, आणि ते मक्याच्या पिठाचं उगाली पोटभर खातात. आपला घट्ट घाटाच म्हण. स्नायूंत आणि यकृतात मिळून पाचेकशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, साठतं, म्हणजे साधारण दोन हजार कॅलरी. एक किलोमीटर पळायला दर किलो वजनामागे अंदाजे एक कॅलरी लागते. तुझं वजन आता बावन्न. बेचाळीस किलोमीटरला किती लागेल ते गुणून बघ. बावीसशेच्या आसपास येतं. चरबीही जळते, पण सावकाश जळते, जोरात पळताना तिचा पुरवठा पुरत नाही. म्हणून तीस-बत्तीस किलोमीटरला डबा रिकामा होतो आणि माणूस जागच्या जागी थिजतो. आणि तू तर तो डबा रोज अर्धा रिकामा ठेवूनच घरातून निघतेस.

मी काय खाते ते सांगते. तुझं तू बघून ठरव. पळायच्या आदल्या रात्री भात, वरण, तूप, साधी भाजी. मसालेदार नाही, फार पालेभाजीही नाही, नाहीतर घाटात पंचाईत होते. पहाटे निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळं आणि दोन खजूर, नाहीतर भाकरीचा तुकडा आणि गूळ. सव्वा तासाच्या वर पळायचं असेल तर बरोबर काहीतरी हवंच. दर तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे. एका केळ्यात पिष्ट आणि साखर मिळून पंचवीसेक ग्रॅम असतात. मी मनुका आणि गुळाचे खडे छोट्या पिशवीत नेते, दर चार किलोमीटरला दोन-तीन तोंडात टाकते. ते बाजारातले साखरेचे जेल तुझ्या पोटाला मानवत असतील तर खुशाल घे, पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा कुठलीच नवी वस्तू तोंडात घालायची नाही. चिक्की मला शेवटी जड पडते, शेंगदाणा पचायला वेळ लागतो. ती परत आल्यावर. आल्या आल्या दूध-केळं, आणि तासाभरात नीट जेवण. थालीपीठ-दही, पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी. प्रथिनांचंही आपल्या घरात दुर्लक्ष झालंय. तुझ्या वजनाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम तरी पोटात गेली पाहिजेत आणि एका अंड्यात सहाच असतात. तेव्हा डाळ पातळ नको, घट्ट कर.

पाण्याबद्दल एक. लोक म्हणतात पीत राहा, पीत राहा. पण तासनतास पळताना तहानेपेक्षा खूप जास्त साधं पाणी प्यायलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तेही जिवावर बेततं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं तर 13 टक्के जणांत सोडियम कमी निघालं होतं. तहान लागेल तेवढं प्यायचं, आणि मधूनमधून मीठ-साखर-लिंबाचं किंवा ओआरएसचं.

आणि वेग. मी तुझ्या त्या ॲपवर गेल्या दोन महिन्यांचं सगळं पाहिलं. मंगळवार किलोमीटरला सहा मिनिटांच्या वेगाने, गुरुवार सहाच्या वेगाने, रविवारचे चोवीस किलोमीटरही सहाच्याच वेगाने. रोज सारखंच. शाळेत एखादं मूल रोज परीक्षाच देत राहिलं तर ते अभ्यास कधी करणार? शरीर मजबूत होतं ते सावकाश पळण्याने आणि त्यानंतरच्या झोपेने. हळू पळताना स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींमधले मायटोकाँड्रिया, म्हणजे शक्ती तयार करणारे बारीक भाग, वाढतात, चरबी वापरायची सवय लागते. यातलं काहीच त्या दिवशी दिसत नाही. आणि एक लक्षात ठेव. दमसास लवकर वाढतो, दीड-दोन महिन्यांत फरक कळतो. स्नायूंचे बंध आणि हाडं मात्र महिनोन्महिने घेतात. छाती तयार असते आणि नडगी तयार नसते, अशा मधल्या काळातच माणसं मोडतात. तू आत्ता नेमकी त्या मधल्या काळात आहेस.

हळू म्हणजे किती, हे घड्याळावरून कळत नाही. मी सतराचा पाढा मोठ्याने म्हणते. सतरा एके सतरा ते सतरा दाहे एकशे सत्तर, मध्ये दम न घेता, नीट वाक्यासारखं. अडखळले की वेग कमी करते, चढावर तर सरळ चालते. माझा तो वेग किलोमीटरला सव्वाआठ मिनिटांचा आहे. तुझा कदाचित सातचा असेल. आठवड्यात एकच दिवस जोराचा पुरे, बाकी सगळे पाढ्याचे. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करायचं. आणि एक दिवस जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करणं, उठाबशा, पाठीवर पडून कंबर उचलणं. कंटाळवाणं आहे, पण माझे गुडघे त्याच्यावरच चालले आहेत.

बुटांवर तू पंधरा हजार घातलेस असं बाबा म्हणाले. घे, तुझी कमाई आहे. पण डेक्कन जिमखान्यावरून जाताना कधीतरी आठव. 1919 साली तिथल्या स्पर्धांमध्ये दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची मुलं अनवाणी पळताना पाहिली आणि या पोरांना ऑलिम्पिकला पाठवायचंच असं मनात घेतलं. पुढच्या वर्षी अँटवर्पला फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले, 2 तास 50 मिनिटं, एकोणिसावे आले. बाबांच्या आजोळचे, बेळगावचे. आणि आपल्या जिल्ह्यातली ललिता बाबर बघ. माण तालुक्यातलं मोही, जिथे पावसाची वाट बघण्यात वर्ष जातं. तिथली मुलगी 2016 ला रिओमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत गेली. उषानंतर बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय बाई ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पळत होती. माझ्या वर्गात मी तिचा फोटो लावला होता, तो अजून आहे. माणमधून बदलून आलेल्या एका मुलीने तो बघून मला विचारलं होतं, "बाई, ही आमच्याकडची?" तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी पुढच्याच वर्षी मुलींची तीन किलोमीटरची शर्यत सुरू केली. आता मुलीही गावाला वेढा घालतात. शर्यतीच्या आधी सगळ्यांना केळं मिळतं, ते मी माझ्या पदरचं आणते.

मुंबईचं राहिलं. मी 2020 च्या जानेवारीत पळाले, तू सीएसएमटीपाशी पहाटे मला सोडायला आली होतीस. सी लिंकवर उजाडलं. समुद्र दोन्हीकडे, वारा, हजारो पावलांचा एकच आवाज. तिथे मला वाटलं हे संपूच नये. आणि तीस किलोमीटर गेल्यावर पेडर रोडचा चढ आला. पोटऱ्या दगड झाल्या होत्या, जानेवारी असूनही मुंबईची ती चिकट हवा. रस्त्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ ताटलीत संत्र्याच्या फोडी घेऊन उभे होते, वर मीठ भुरभुरलेलं. "घ्या ताई, घ्या." मी घेतली. पुढे कुणी बिस्किट, कुणी बर्फ, कुणी खडीसाखर. आयुष्यभर वाढणाऱ्या बाईला अनोळखी लोक रस्त्यात उभं राहून भरवत होते. 5 तास 52 मिनिटं लागली. त्यातलं एकही मिनिट मला कमी नको आहे.

तेव्हा मला कळतं की नाव घातलेली शर्यत सोडणं काय असतं. पण डॉक्टर म्हणाले सोड, तर या जानेवारीची सोडायची. हाडाचा तडा भरायला सहा-आठ आठवडे जातात, पुढे परत चालण्यापासून सुरुवात. रडू आलं तर रड, मी आहे. मुंबईची मॅरेथॉन 2004 पासून चालू आहे, पुढच्या जानेवारीतही असेल. त्या वेळी मीही तुझ्याबरोबर नाव घालीन. मी मागे असेन, तू पुढे जा.

डॉक्टरांची वेळ मिळाली की लगेच कळव. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी एसटीने निघते. अळिवाचे लाडू केलेत, ओल्या नारळाचे, त्यामुळे टिकायचे नाहीत, तुझ्या मैत्रिणींनाही दे. स्वारगेटला घ्यायला येऊ नकोस, पायावर ताण नको, मी रिक्षा करून येईन. घरात तांदूळ आहे का तेवढं सांग. नसेल तर इथून इंद्रायणी घेऊन येते.

तुझी,
आई